चारही वर्षं रेडशर्ट!

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसणारच तुम्ही. माझी बायको मीनल अजून हसतेय!

आम्ही तेव्हा जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला होतो. लेक सई शाळेच्या शेवटच्या वर्षाला, व्हॉलीबॉलवेडी. अमेरिकेतल्या कॉलेजांचे कोच तिच्या मॅचेस बघून स्कॉलरशिप देणार होते. आणि नेमकं मॅचेसच्या हॉलचं छप्पर गळायला लागलं, दोन टीम्सनी माघार घेतली, अख्खा सीझन रद्द! मॅचच नाही तर कोच बघणार काय, कपाळ? एकेक कॉलेज गप्प झालं. उरलं एकच.

तिथल्या कोचबाईंची मला मेल आली. 'सीझन बुडालाय, म्हणून पहिल्या वर्षी सईला रेडशर्ट करावं म्हणतेय. शनिवारी व्हिडिओ कॉलवर बोलू.'

लाल शर्ट? एवढंच ना! सई शाळेच्या सहलीला गेली होती. पण तिला विचारायचं कशाला? मला काय इंग्रजी येत नाही?

तडक शेजारचं ब्राउनश्वाइग शहर गाठलं आणि लाल टी-शर्ट घेतले. एक नाही, तीन! सगळं घर पाठीशी आहे, हे दिसायला नको?

"अहो, मलाही?" मीनलनं विचारलं.

"गेनाऊ! अगदी! तुलाही!"

शनिवारी सई सहलीहून आली ती थेट कॉललाच. मी शर्ट तिच्या हातात कोंबला.

"पापा, वास सोल दास?"

"हे काय म्हणून काय विचारतेस? घाल! कोचची अट आहे."

स्क्रीनवर कोचबाई आल्या. समोर तीन लालभडक माणसं. बाई जरा चपापल्याच. मग म्हणाल्या, "तर, रेडशर्टबद्दल काय ठरलं?"

मी छाती फुगवून म्हटलं, "मॅडम, एकच वर्ष का? चारही वर्षं करा!"

"पापा! नाइन! नाही!" सई किंचाळली.

"चारही वर्षं?" बाई म्हणाल्या. "मग ती खेळणार कधी?"

बाईंनी समजावलं, तेव्हा कुठे कळलं! रेडशर्ट म्हणजे वर्षभर नुसता सराव, मॅच नाही. ते वर्ष मोजत नाहीत, म्हणून खेळायची चार वर्षं शाबूत राहतात. आणि मी सख्खा बाप, लेकीला कायमची बाकावर बसवून मोकळा!

उरलेलं एक कॉलेजही गेलं, म्हटलं. पण सईनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "एक वर्ष बसेन. सराव एकही दिवस चुकवणार नाही. पण पुढची चार वर्षं मला कोर्टवरच राहायचंय."

बाई हसल्या. "ये."

आठवड्यात ऑफर लेटर आलं. सईच्या नावानं. खाली लिहिलेलं, 'पालकांसाठी प्रत: फक्त आईला.'

विनंती सईचीच होती म्हणे!