दाढेत ठेवलेली कीड

आमच्याकडे दात दाखवायला आलेला माणूस 'कीड' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरची अळी असते. किडा वगैरे काही नसतो, दात आतून मऊ पडत जातो, हे मी नागपुरात पंचवीस वर्षं लोकांना समजावत आलो. कंटाळून चिडायचोही. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच गैरसमजाच्या आड लपलो. त्याची लाज अजून जात नाही.

तेव्हा माझ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण नवीनच लागली होती. हुशार, कमी बोलणारी. जवळच्या खापा गावच्या एका चौदा वर्षांच्या मुलीची दाढ तिनं भरली होती. काही दिवसांनी मुलगी आईसोबत दुसरा दात दाखवायला आली. मी एक्स-रे काढला, तर भरलेल्या दाढेत सिमेंटखाली काळी सावली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मायलेकींसमोरच मी तिला झापलं, "काम अर्धवट सोडायला शिकवलं का कॉलेजात?"

ती शांतपणे म्हणाली, "सर, कडा पूर्ण साफ केल्या आहेत. तळाशी नसेजवळ थोडं मऊ मुद्दाम ठेवलंय. वरून घट्ट बंद केलं की ते वाढत नाही. खरवडलं तर नस उघडी पडेल. आताचं संशोधन हेच सांगतं."

आम्हाला शिकवलेलं वेगळं. ड्रिलखाली दात कडक लागेपर्यंत खरवडत जायचं. संशोधन गेलं चुलीत, म्हटलं, आणि तिनं भरलेलं सगळं उकरून काढलं. शेवटचा मऊ थर निघाला तसा खाली लाल ठिपका दिसला. नस उघडी पडली होती, माझ्या हातानं. तिनं कापूस पुढे केला.

"का झालं जी?" आईनं विचारलं.

"या मॅडमनी आत कीड ठेवली होती," मी म्हणालो. "नसेपर्यंत गेली. आता रूट कॅनल करावं लागेल."

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिनं जिवंत किडाच पोरीच्या दातात पाळायला ठेवला. "काहून ठेवला जी मॅडम तुमी? माह्या पोरीनं का केलं होतं तुमचं?" डॉक्टरणीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढत होतो. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, ते मला न शिकता जमलं.

मग गावात बोभाटा झाला, खाप्याचं कुणी त्या डॉक्टरणीच्या खुर्चीवर बसेना. महिन्याभरात घराजवळ काम मिळालं असं सांगून ती गेली. मी अडवलं नाही, उलट हायसं वाटलं.

त्यानंतर मी वाचायला बसलो. पश्चात्तापानं नाही हं, तिला चूक ठरवायला. जे जे उघडलं त्यात तिचंच म्हणणं निघालं. शक्य तितका दात राखा, नसेजवळ खरवडू नका, नीट बंद करा. मी हळूहळू तसंच करू लागलो. तिचा नंबर दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला.

गेल्या हिवाळ्यात तीच आई धाकट्या मुलीला घेऊन आली. "तुमच्याकडंच आणली साहेब. त्या मॅडमसारखं नोका करू, सगळा किडा काढजा." दाढ खोल गेली होती. मी कडा साफ केल्या, नसेजवळचं मऊ तसंच ठेवलं आणि वरून बंद केलं. आता तरी सांगावं असं फार वाटलं. त्या मॅडमचंच बरोबर होतं, तुमच्या मोठीची नस मी उघडी पाडली. एवढीच दोन वाक्यं होती.

"निघाला न जी सगळा?"

"हो," मी म्हणालो. "सगळा निघाला."

तिनं पोरीला पुढे ढकललं. "पाया पड साहेबाच्या. तुह्या ताईचा दात यायनंच वाचवला." पोर वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.