न्हाई म्हणणारे नाना

अमावास्या आली की पाटसच्या स्टँडमागचं नानांचं कॉम्प्युटरचं दुकान अर्धं बंद असायचं. शटर निम्मं खाली, गिऱ्हाईक घ्यायचं न्हाई, आन् नाना आत हाताची घडी घालून कॉम्प्युटरकडं बघत बसलेले. लोक म्हणायचे, म्हातारा करणी करतोय. मी तिथं झाडलोट करायची. एकदा विचारलंच.

"नाना, आज ह्यात बघता तरी काय?"

"अक्का, जोंधळा वरनं बरा दिसतो आन् आत किडा लागलेला असतो. कळतं का वरनं?"

"न्हाई. दाणा फोडून बघावा लागतो."

"तेच चाललंय. आत ठेवलेलं सगळं हा एकदा वाचून काढतोय. ठेवलं म्हंजी राहिलं, असं नसतं अक्का. ठेवलेल्याकडं बघत राहावं लागतं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. नाना मूळचे वडगाव रासाईचे. कारखान्याच्या ऑफिसात जन्म गेला, मग हे दुकान टाकलं. लोकांची लग्नं, बारशी, भजनं सांभाळून ठेवायचे. त्यासाठी कॉम्प्युटरशेजारी दोन काळ्या डिस्का असायच्या, चपट्या डब्यांसारख्या. जे एकीत तेच दुसरीत. एकीतलं किडलं तर कॉम्प्युटर दुसरीतलं चांगलं आणून तिथं बसवायचा.

मी म्हणलं, "पर चांगलं कुठलं आन् किडकं कुठलं, त्याला काय कळतं?"

"फाइलच्या हरेक तुकड्याची खूण त्यानं काढून ठेवलेली असती. खूण जुळली न्हाई की तुकडा बिघडला."

"म्हंजी राशीवरची राख."

नाना बघतच राहिले. आमच्या लहानपणी खळ्यावर रास झाली की मालक तिच्यावर राखेच्या रेघा वढायचा. कुणी मूठभर दाणं उचललं तरी रेघ मोडायची. मी असं सांगितल्यावर नाना इतके हसले की चहा सांडला. तवापासनं गिऱ्हाइकाला समजवायचं असलं की राखच सांगायचे, आन् वर म्हणायचे, "हे माझं न्हाई, अक्कांचं हाय."

बाकीचे कॉम्प्युटर बिघडलेली फाइलसुदिक मुकाट्यानं हातात देत्यात, असं ते म्हणायचे. त्यांचा न्हाई द्यायचा. "चुकीचं देण्यापरीस हा न्हाई म्हणतो. म्हणून ठेवलाय." नाना सवता तसलेच. एकदा एक पुढारी आला. म्हणाला, सत्काराच्या फोटूत मी न्हाई, मला मधी उभा करा. नाना म्हणाले, "उभं राहायची येळ हुती तवा कुठं हुता?" गेला तो पाय आपटत.

माझी थोरली भैन पारूबाई. आई गेली तवा मी रांगत हुते. हिनंच मला पाठीवर बांधून ऊस तोडला, दुसऱ्याचं दळण दळून मला भाकर घातली. दळताना गायची. गाणी तिच्या मनाचीच, कुठं लिहिलेली न्हाईत. नाना म्हणाले, आणा तिला. पर जात्याबिगर तिला गाणंच सुचंना. मग तिच्या खुटबावच्या घरनं टेंपोत घालून जातं आणलं, दुकानात मांडलं, आन् नानांनी माईक धरला. दुकानभर पीठ झालं.

म्होरं पारूबाईला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिचा आवाज जगात राहिला तो त्या दोन डब्यांत.

त्या साली घट बसायच्या आधी नानांच्या बायकूनं, यमुनाताईनं, घर धुवायला काढलं. आमच्याकडं घटाआधी घरातली एक वस्तू बिनधुतलेली ठेवत न्हाईत. गोधड्या झाल्या, भांडी झाली, मग ताई दुकानात शिरली. धूळ दिसली म्हणून एक डिस्क काढली, साबणानं चोळली आन् गोधडीशेजारी उन्हात घातली. दुसरी उचलणार एवढ्यात नाना आले.

"अगं, काय केलंस हे!"

"धुतली! देवी काय धुळीत बसवू?"

"बसव. तिला सांग, निम्मं पाटस बादलीत बुडवलंय."

अमावास्या तोंडावर आली हुती, आतलं वाचून काढायचं राहिलं हुतं. नानांनी नवी डिस्क जोडली आन् राहिलेल्या डिस्केवरनं उतरवायला लावलं. सगळं उतरलं. पारूबाईच्या फाइलवर मातर कॉम्प्युटर अडला. खूण जुळंना. तेवढाच तुकडा किडला हुता, आन् त्याचा चांगला जोडीदार साबणाच्या पाण्यात गेला हुता.

नाना गाडी काढून वडगावला गेले. तिथं त्यांच्या भैनीच्या ट्रंकेत आणखी एक डिस्क ठेवलेली असायची. माघारी आले ते टोपी हातात घेऊन.

"ती आधीची हाय अक्का. पारूबाई तिच्यात न्हाईत."

रडून काय उपेग. ताईलाच भडभडून आलं. म्हणाली, "अवो, मधी दुसऱ्या बाईचा आवाज भरा की. आजारी माणसाला काय कळतंय?"

"मला कळतंय," नाना म्हणाले.

चांगलं हुतं तेवढं त्यांनी काढलं, गेलेल्या जागी मोकळं ठेवलं, आन् ते घिऊन सवता खुटबावला आले. पारूबाईच्या खाटंशी बसून लावलं. घरघर जातं सुरू झालं. तिचा डावा हात गोधडीवर गोल फिरायला लागला. मग आवाज गेला. नुसतं सुनं. पर तिचा हात थांबला न्हाई, फिरतच राहिला, आन् डोळं माझ्याकडं. मला वळखू आलं कुठली ओळ गेली ती. माझीच.

"धाकली माझी भैन, उसाच्या गं फडात,
बोटं चिरली पाचटानं, घास जाईना तोंडात."

माझा फाटका आवाज, पर म्हणले. पारूबाईनं डोळं मिटलं, निम्मं तोंड हसलं.

माझं म्हणणं नानांनी मोबाइलवर धरलं हुतं. मी म्हणलं, "आता हे त्या भोकात बसवा, झालं पुरं."

"न्हाई अक्का. तिच्यातलं गेलं ते गेलं. त्यात तुमचं मिसळायचं न्हाई. तुमचं येगळं ठेवतो, तुमच्या नावानं."

म्होरच्या सुगीत नाना गेले. पर त्या दिवशी खुटबावात, माझं गाणं ठेवायसाठी त्यांनी मला नाव विचारलं. इतकी वर्सं झाडलोट केली, त्यांना मी अक्काच हुते. जमीन कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर. माझ्या नावावर कधी चूल न्हवती. मी पदर सारखा केला आन् म्हणलं, "ल्ह्या. सखूबाई."