पार्वतम्माच्या मापाचा ओटा

जळकोटच्या शरणप्पांना एका गोष्टीचा फार गर्व होता. पुढून येणारी वस्तू किती उंच, किती रुंद आणि आपल्यापासून किती लांब, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. सारी हयात त्यांनी एस.टी. चालवण्यात घालवली. अरुंद पुलावर समोरून कडब्यानं फुगलेला ट्रॅक्टर आला तरी ते बस अशी काढत, की खिडकीतल्या माणसाच्या हाताला कडब्याचं पान लागावं, पण बसच्या पत्र्याला लागू नये. कंडक्टर म्हणायचे, "अप्पांच्या डोळ्यात टेप हाय."

अशा माणसाला स्वतःच्या बायकोची उंची ठाऊक नव्हती. हे उघडकीला आलं निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तेही स्वयंपाकघराच्या ओट्यापायी.

त्यांच्या घरात ओटा नव्हताच. पार्वतम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून खाली बसून स्वयंपाक करायची. आधी चूल होती, मग गॅस आला, पण तोही जमिनीवरच्या फरशीवर ठेवला गेला. पाटावर बसून तिनं हात फिरवला की मीठ, पीठ, तवा, काटवट सगळं हाताला लागायचं. पुढं तिचे गुडघे गेले. नांदेडला मुलाकडं, रविकांतकडं, ती डॉक्टरला दाखवायला गेली. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं बंद. पाय लोंबते ठेवून खुर्चीवर बसा, उभ्या राहा, काहीही करा, पण जमिनीवर बसायचं नाही.

पार्वतम्मा मुलाकडंच राहिली. इकडं शरणप्पा खानावळीचा डबा खाऊन कंटाळले. शेवटी त्यांनी फोन केला.

"अगं, कधी येऊन राहिलीस?"

"येऊन काय करू? गुडघ्यावर बसून भाकरी थापू?"

"उभ्याचा ओटा करून टाकू की. टाइल्स, सिंक, सगळं नवं."

"करा. पर माझ्या मापाचा करा. सूनबाईचा ओटा मला बगलेला लागतोय. तसाच करायचा असंल तर मी हितंच बरी हाय."

"तुझं माप मला ठाऊक न्हाई व्हय? चाळीस वर्सं झाली!"

पार्वतम्मा म्हणाली, "चाळीस वर्सं झाली, पर तुमी माझ्याकडं धड बघितलं कधी? बघू आता. ओटा माझ्या मापाचा निघाला तर कायमची येईन. न्हाई निघाला तर बॅग सोडणार न्हाई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी जहांगीर मिस्त्री आला. त्यानं जुनी फरशी उखडली, भिंती खरवडल्या आणि कानावरची पेन्सिल हातात घेऊन विचारलं, "ड्रायव्हरसाब, काकींची हाईट बोला. कोपरापासून चार बोटं खाली ओटा धरतो मी."

शरणप्पांनी हात वर केला. मग थोडा खाली घेतला. मग परत वर केला. हात हवेत तसाच राहिला.

त्यांनी डोळे मिटून पार्वतम्मा आठवून पाहिली. आठवली ती बसलेलीच. चुलीपुढं बसलेली, निवडायला बसलेली, दारात बसलेली. चालतानाची आठवावी तर ती नेहमी मागून चालायची, आणि मागं वळून बघायची त्या काळात पद्धत नव्हती. उभी अशी ती त्यांना एकाच जागी दिसलेली होती. ड्युटीवर जाताना बस घराच्या रस्त्यानं न्यायची असली की ती कोपऱ्यावर डबा घेऊन उभी राहायची आणि खिडकीतून वर द्यायची. तेव्हा ती बुटकी दिसायची खरी. पण ड्रायव्हरच्या सीटवरून कोण बुटकं दिसत नाही? फौजदारसुद्धा बुटका दिसतो. तेव्हा त्या दिसण्यात भर घालायला पाहिजे, एवढं शरणप्पांना अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. किती घालायची, एवढाच प्रश्न होता.

"तू बघितलंस की रे तिला," ते जहांगीरला म्हणाले. "इतकी वर्सं गल्लीत राहतोस."

"तौबा! मी काकीला सलाम करताना मान खाली घालतो. पाय विचारा, सांगतो. चप्पल लहान आहे त्यांची."

"पायाला काय करायचंय?"

"मग फोन लावा ना. दोन मिनटांचं काम."

फोन! बायकोची उंची बायकोलाच विचारायची म्हणजे तिनं केलेला आरोप आपल्या तोंडानं कबूल करायचा. शरणप्पांनी आडवळणानं रविकांतला फोन लावला.

"काय रे, तुझी अव्वा कपाटाच्या कोणत्या फळीवरचं काढती?"

"का हो अप्पा?"

"सहज."

"अव्वा हितंच बसलीया, फोन स्पीकरवर हाय. विचारा की तिलाच."

"तुळशीला पाणी घातलंय म्हणून सांग," असं म्हणून शरणप्पांनी घाईघाईनं फोन बंद केला.

शेजारचा संघपाल पंचायत समितीत बांधकामाकडं होता. त्यानं शांतपणे विचार केला. "अप्पा, काकूंचं आधार कार्ड काढा."

आधार कार्डावर उंची नव्हती. रेशन कार्डावर नव्हती. मतदान कार्डावरही नव्हती. संघपाल कार्डं उलटीपालटी करत म्हणाला, "बघा बरं. सरकारनं बाईच्या डोळ्यातली बुबुळं घेतली, दहाच्या दहा बोटं घेतली, पण बाई केवढी हाय ते विचारलंच न्हाई."

"सरकारला कुठं भाकरी खायची असती," जहांगीर म्हणाला.

लग्नातला फोटो काढला, तर त्यात शरणप्पा उभे आणि पार्वतम्मा खुर्चीवर बसलेली. साड्या काढल्या, तर बुटक्या आणि उंच बाईच्या साडीची लांबी सारखीच. शेवटी संघपालची बायको दिपाली दारात आली. तिनं आपल्या डोक्यावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "काकू एवढ्याच असतील. माझ्याएवढ्या." मग तिला पार्वतम्मा नांदेडला जायच्या आधी नळावरून तिच्यावर कशी ओरडली होती ते आठवलं, आणि हात आपोआप वीतभर वर गेला. "नाही बाई. मोठ्याच वाटतात."

हा आवाजाचा घोळ होता. पार्वतम्मानं अंगणातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला असलेलं माणूस पदर सावरत उभं राहायचं. तिला कुणी लहान समजणं शक्यच नव्हतं. दुपारभर जो येईल तो भिंतीवर हातानं खूण दाखवून गेला, आणि ज्यानं पार्वतम्माची जास्त बोलणी खाल्ली होती त्याची खूण जास्त वर लागली.

संध्याकाळी शरणप्पा हताश होऊन लोखंडी कपाटापुढं तोंड पुसत उभे होते. तेवढ्यात त्यांना आरशावर चिकटवलेल्या टिकल्या दिसल्या. लाल, मरून, पुन्हा लाल. ते ओरडलेच, "जहांगीर! टेप आण!"

तर्क सरळ होता. बाई आरशापुढं उभी राहते, कपाळाची टिकली काढते आणि समोर आरशावर लावते. म्हणजे टिकली आहे तिथं कपाळ. टिकल्या शरणप्पांच्या नाकाशी येत होत्या. जहांगीरनं टेप धरला, कपाळावरून कोपराचा हिशोब केला आणि जरा घुटमळला. "ड्रायव्हरसाब, हाईट लई होऊन राहिली."

"लई न्हाई, कमीच हाय. आरशापुढं बाई जरा वाकती." असं म्हणून शरणप्पांनी वर आणखी चार बोटांची भर घातली. ती ड्रायव्हरच्या सीटची.

ओटा झाला. काळा, चकचकीत ग्रॅनाइट. मागं पांढऱ्या टाइल्स, त्यांवर मधूनमधून आंब्याचं चित्र. सिंकला वाकडा नळ. शरणप्पा ओट्यापुढं उभे राहिले तर सगळं कसं हाताला येत होतं. "बघ," ते जहांगीरला म्हणाले, "माझ्यासारख्याला पण वाकावं लागंना. तिला तर लई सोपं जाईल." हे बोलताना आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. जहांगीरच्या आलं होतं, पण सिमेंट वाळलं होतं.

पार्वतम्मा नांदेडच्या बसनं आली. शरणप्पा स्टँडवर उभे होते. ती पायरी धरून उतरली, बॅग घेतली आणि त्यांच्याकडं चालायला लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच शरणप्पा आपल्या बायकोकडं समोरून, उभ्यानं, टेप असलेल्या नजरेनं बघत होते. कोणतीही वस्तू जवळ येते तशी मोठी होत जाते, हा त्यांच्या साऱ्या नोकरीचा अनुभव. पार्वतम्मा जवळ येत होती, पण मोठी होत नव्हती. अगदी पुढ्यात आली, थांबली, तरी मोठी झाली नाही. तिचं डोकं त्यांच्या शर्टाच्या खिशापाशी आलं आणि तिथंच राहिलं.

"काय बघून राहिलात?"

"काय न्हाई. चहा घेऊ."

चहा घेतला. मग ते तिला महादेवाच्या देवळात घेऊन गेले. तिथं ती घंटा वाजवायला टाचा उंच करून उभी राहिली आणि तरी हात पोचला नाही. खांबाआड जाऊन शरणप्पांनी जहांगीरला फोन लावला.

"जहांगीर, ओटा खालून कमी करता येतो का रे?"

"ओटा म्हणजे पँट आहे का, दुमडून टाके मारायला?"

"मग काय करू?"

"काकीला आणा घरी. जे होईल ते होईल. मी पण येतो, गुन्हा दोघांचा आहे."

घरी गेले तेव्हा गल्ली जमलेलीच होती. दिपालीनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. पार्वतम्मा बॅग हातात धरूनच स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. ओटा तिच्या खांद्याला लागला. तिनं हात वर करून ग्रॅनाइटवर ठेवले, तर ती दुकानात गोळ्या मागायला आलेल्या पोरीसारखी दिसायला लागली. गॅसची शेगडी तिच्या डोळ्यांसमोर होती. तव्यात काय आहे ते तिला बघता आलं नसतं, तव्याखालचा जाळ तेवढा दिसला असता.

संघपालनं घसा साफ केला.

"ह्यो कुणाच्या मापाचा?" पार्वतम्मानं मागं न बघता विचारलं.

"काकी, आरशावरच्या टिकलीवरून काढलं माप," जहांगीर मान खाली घालून म्हणाला.

"टिकलीवरून? अरे देवा! नात येते तवा टिकल्या काढून तोंडात घालती. तिचा हात पोचू नये म्हणून पाटावर चढून वर लावत असते मी त्या!"

मागं दिपाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. पार्वतम्मा मात्र हसली नाही. बॅग अजून तिच्या हातातच होती. शरणप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला तुझी उंची ठाऊक नव्हती," ते म्हणाले. एवढ्या माणसांत हे बोलणं त्यांना बस दरीच्या कडेनं मागं घेण्यापेक्षा अवघड गेलं.

"मला ठाऊक होतं, तुमाला ठाऊक न्हाई ते." तिनं ओट्यावर बोटानं टकटक करून पाहिलं. "भक्कम हाय का ह्यो?"

"वर हत्ती चढवा, काकी," जहांगीर म्हणाला.

"हत्ती ऱ्हाऊ दे. खुर्ची आण."

जहांगीरनं खुर्ची आणली. पार्वतम्मा खुर्चीवर चढली. तिथून ओटा कमरेला येत होता, पण गुडघा उचलेना. तिनं शरणप्पांकडं बघितलं. "मग? पाहुण्यावाणी काय हुभे? मला वर घ्या."

शरणप्पा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी तिला धरून वर घेतलं, जहांगीरनं भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि पार्वतम्मा ओट्यावर बसली. पाय लोंबते, डॉक्टरांनी सांगितल्यासारखे. एका बाजूला सिंक, दुसऱ्या बाजूला शेगडी. तिनं बसल्या जागेवरून हात फिरवून पाहिला. नळ हाताला लागला. परात लागली. तवा लागला.

मग तिनं खाली नवऱ्याकडं बघितलं आणि बघतच राहिली.

"अगंबाई. तुमाला मधोमध टक्कल पडलंय!"

"टोपी हाय की माझ्या डोक्यावर."

"मला वर घेताना सरकली, तवा दिसलं. कधी पडलं?"

"लई वर्सं झाली."

"सांगायचं न्हाई व्हय? मला खालून काय दिसतंय!"

आता मात्र ती हसली. अशी हसली की ग्रॅनाइटवरची परात वाजायला लागली. हसणं संपल्यावर तिनं बॅग दिपालीच्या हातात दिली. "आत ठेव गं. आन् पीठ दे हिकडं."

ती मांडीजवळ परात घेऊन वर बसल्या बसल्या भाकरी थापायची आणि शरणप्पांच्या हातात द्यायची. शेगडी त्यांच्या बरोबर मापाची होती. पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मोडली. दुसरीचा नकाशा झाला. "गोल फिरवा हो, हळू. स्टेअरिंग न्हाई ते!" वरून आवाज यायचा. तिसरी फुगली, आणि शरणप्पा ती हातावर घेऊन गल्लीला दाखवून आले.

ती बातमी जळकोटात पसरायला वेळ लागला नाही. बाया काही तरी मागायचं निमित्त करून येत आणि ओट्यावरच्या पार्वतम्माला बघून जात. एकीनं जहांगीरला तसलाच ओटा करून मागितला. तेव्हापासून तो काम धरायच्या आधी विचारतो, "उभ्याचा करायचा, का बसायचा?"

पंधरवड्यानं रविकांतचा फोन आला. शरणप्पांनी तो ओट्यावर नेऊन दिला.

"अव्वा, ओट्याचं ऐकलं मी. गाडी घेऊन येऊ का न्यायला? चल इकडंच."

"कसं येऊ रे बाबा," पार्वतम्मा पीठ लागलेल्या हातानं फोन कानाला लावत म्हणाली. "मला हितून खाली उतरता येईना. तुझे अप्पा उतरवतील तवा. आन् त्यांच्या तव्यावर आत्ता भाकरी हाय."