पत्र्यावरचा दात

आमच्या घरात चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "काकू, तो दाताचा सांगा की!" आता 'तो' म्हणजे नक्की कुठला? एका रविवारी एका पोरीचा एक दात पडला, आणि त्याचे किस्से मात्र माणशी एक झालेत. जो तो आपापला सांगतो आणि त्यात स्वतःला शहाणा ठरवतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच सगळे कागदावर घालते. मी शाळेत एक दिवस गेलेली नाही. वाचायला शिकले ती किराणाच्या पुड्यांचे कागद बघून, तेही पस्तिशी उलटल्यावर. पण लिहिते सरळ. ज्याला पटणार नाही त्यानं आपलं वेगळं लिहावं!

*

माझी नात ईश्वरी. वय नऊ, अंगानं काडी, पण खो-खोत असा सूर मारते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. तिची आई त्या दिवशी माहेरी लग्नाला गेलेली. पोरीचा सकाळचा सराव चालला होता, आमच्या कवठे महांकाळातच. हिनं सूर मारला, समोरची पोरगी निसटली आणि ही तोंडानं खांबावर! वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर.

तिचे सर तिला मोटरसायकलवर घरी घेऊन आले. तिच्यापेक्षा त्यांचाच चेहरा पांढरा. पोरगी मात्र रडत नव्हती. तोंडावर रुमाल धरून एकच विचारत होती,

"आज्जी, ती आऊट झाली का न्हाई, कुणी सांगंनाच!"

*

मी पोरीला चूळ भरायला घेऊन गेले. तेवढ्यात सरांनी कागदात बांधलेला दात माझ्या धाकट्या जावेच्या, कलावतीच्या हातात दिला. कलावतीनं आजवर भावकीतल्या सगळ्या पोरांचे दुधाचे दात घरावर टाकलेत. हात आपोआप चालला. दात पत्र्यावर भिरकावला, आणि वर "नवा दे, लवकर दे" असंही म्हणून मोकळी झाली!

मी बाहेर येऊन विचारलं, "दात कुठाय?"

"टाकला की वर."

"अगं बये, त्यो दुधाचा न्हवता! कायमचा हाय. आता नवा येनार न्हाई!"

एखादी शरमली असती. पण ती माझीच जाऊ. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग आधी सांगायचं, आक्का! पडलेला दात पत्र्यावर न्हाई तर काय देव्हाऱ्यात ठिवायचा?"

मी फार पूर्वी तूरडाळीच्या पुडीवर वाचलं होतं. कायमचा दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता दुधात घालायचा, डॉक्टरला गाठायचं, दात परत बसू शकतो. बाकी मजकूर फाटलेला होता, पण 'तासाभरात' हा शब्द शाबूत होता. घड्याळात बघितलं. पंधरा मिनिटं आधीच गेलेली.

*

ईश्वरीचा बाप संपत, माझा थोरला, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालाय. "आई, सिच्युएशन कंट्रोलमधी हाय," म्हणाला आणि शिडी शेजाऱ्याच्या घराला लावून आला!

शिडी आमच्या घराला लागल्यावर खरा घोटाळा कळला. पत्र्यावर माझं उन्हाळ्याचं वाळवण होतं. चादरभर पांढरे सांडगे, आणि एकेक सांडगा दाताएवढा.

"सापडला!" संपत वरून ओरडला आणि खाली टाकला. कलावतीनं उचलून दाताखाली धरला. कट्!

"सांडगा हाय."

"आता सापडला!"

कट्! "ह्यो बी सांडगा."

मी म्हटलं, "अगं, खरा सापडला तर त्यो बी चावशील!" आणि संपतला सांगितलं, "चमकतो त्या बाजूनं धर आणि हातात घेऊनच उतर." पाचव्याला खरा निघाला. त्या गडबडीत कलावतीचे चार सांडगे खाऊन झाले होते.

"आक्का," ती म्हणाली, "औंदा मीठ कमी पडलंय."

*

दूध शेजारच्या डेअरीतच. मी कडीचा डबा पुढं केला. "कपभर दूध दे, लवकर."

डेअरीवाला शांत माणूस. "गाईचं देऊ का म्हशीचं?"

"कसलंबी दे, दात ठिवायचाय!"

"दातासाठी व्हय? मग म्हशीचंच न्या काकू. फॅट जास्त बसतं."

"मला दात बसवायचाय, फॅट न्हाई!" म्हटलं आणि त्याच्या हातातलं माप हिसकावून मीच ओतून घेतलं. तो मागून ओरडला, "काकू, ते गाईचं हाय!"

*

गावात दाताचे दवाखाने दोन, रविवार म्हणून दोन्हींची शटर खाली. संपतनं सांगलीतल्या एका दवाखान्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी.

"उद्या साडेअकराची अपॉइंटमेंट देऊ का, मॅडम?"

"बाई, दात आत्ता पडलाय! आमच्याकडं अर्धा तास उरलाय फक्त!"

"अच्छा, म्हणजे तातडीचं आहे." कागद चाळल्याचा आवाज आला. "तातडीचे पेशंट चारनंतर घेतो आम्ही."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. संपत म्हणतो, फौजेतही त्यानं तसलं ऐकलं नव्हतं. तशीही सांगली आमच्यापासून तासाची वाट, दात वाटेतच गेला असता.

आम्ही गावातल्या दुसऱ्या दवाखान्याच्या बंद शटरपुढंच उभे होतो. तेवढ्यात शेजारचा टेलर मशीन थांबवून म्हणाला, "ह्या डॉक्टरास्नी शोधताय व्हय? आज माळावर बैलगाड्यांची शर्यत हाय. त्यांची जोडी पळतीया!"

*

मैदानावर ही गर्दी, ही धूळ! माणसात माणूस सापडेना. पोरीला संपतजवळ सोडून मी डबा छातीशी धरून सरळ स्टेजवर चढले. माईकवाला म्हणाला, "आज्जी, खाली व्हा, गाड्या सुटायच्यात."

"सुटू देत. आधी दाताच्या डॉक्टरला हाक मार."

मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि शर्यतीच्या त्याच चढ्या सुरात चालू झाला, "लक्ष द्या मंडळी! नऊ वर्साच्या आपल्या खो-खो खेळाडूचा दात दुधाच्या डब्यात हाय! पंधरा मिनिटं उरल्यात! दाताचा डॉक्टर असंल तिथनं पळत सुटावा!"

गर्दीतनं तिघं पळत आले. पहिला म्हणाला, "मी जनावरांचा डॉक्टर हाय, पन दात रोज बघतो." दुसऱ्याचा गाल सुजलेला. तो म्हणाला, "डॉक्टर आलं की माझा बी नंबर लावा." तिसरा डोक्यापासून पायापर्यंत गुलालात. तोच आमचा!

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, ईश्वरीला बैल आणलेल्या टेम्पोच्या फळीवर बसवलं, दात हलकेच खळबळून जागेवर दाबला. "रुमाल चावून धर, बाळा. सोडायचा नाही." संपतनं तोंड फिरवलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी, पण रुमाल सोडला नाही.

तेवढ्यात माईकवर आलं, "डॉक्टरसाहेब, तुमची जोडी लागली!"

डॉक्टरनं मानसुद्धा वळवली नाही. "पळायचंय बैलांना, मला नाही. चला दवाखान्यात, तार बांधायचीय."

त्याची जोडी त्या दिवशी शेवटून दुसरी आली. गावात मात्र अजून सांगतो, "मी नव्हतो म्हणून!"

*

तार दोन आठवडे ठेवायची होती. "दात बसवलाय," डॉक्टर म्हणाला, "पण धरतोय का नाही, ते तार काढल्यावर कळेल. तोवर पुढच्या दातांनी काही चावायचं नाही." दोन आठवडे पोरगी मऊ भात आणि खिमटावर. खो-खो बंद. घरात कुणी तिच्यासमोर हरभरासुद्धा फोडत नव्हतं. संपत रोज सकाळ-संध्याकाळ तिचं तोंड उघडून बघायचा.

तार काढायच्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात. बाहेर बाकावर चार पेशंट गाल धरून बसलेले. डॉक्टरनं ईश्वरीला एकटीला आत घेतलं. तार काढल्याची किरकिर ऐकू आली. मग त्याचा आवाज, "आता दाताखाली बोट ठेवतो. घाबरायचं नाही. अगदी हळू तोंड मिट."

संपतनं दाराला कान लावला.

आणि मग डॉक्टरची अशी किंकाळी आली की रस्त्यावरची रिक्षा थांबली! बाकावरचे दोन पेशंट उठले आणि चपला हातात घेऊन निघून गेले. मी दार ढकलून आत शिरले. डॉक्टर बोट काखेत धरून जागच्या जागी नाचत होता, डोळ्यांतनं पाणी, आणि तोंडभर हसू.

"चावली, आज्जी! कचकचून चावली!"

ईश्वरी खुर्चीत तशीच आ वासून बसलेली. म्हणाली,

"डॉक्टर, दुसरं बोट द्या की. ह्या बाजूनं बघायचं ऱ्हायलंय!"