पाढे म्हणणारं बुद्धिबळ

सगळी चूक फडके सरांची! आधीच सांगून टाकतो. आमच्या पापडी गावातल्या बुद्धिबळ क्लासची जुनी पोरं भेटली की एकातून दुसरा किस्सा निघतो, सगळे पोट धरून हसतात आणि सर अलगद सुटतात. मी नाही सोडणार. जिल्ह्याच्या टीममध्ये जायचं म्हणून मी इंजिनिअरिंग सोडलं होतं!

सरांची पद्धत अशी, की डावाच्या सुरुवातीच्या चाली पाढ्यांसारख्या सुरात म्हणायच्या. अडखळला की उभा!

मी एकदा विचारलं, "सर, पण हीच चाल का?"

"का ते खेळणाऱ्यानं विचारायचं नसतं!"

मग कोणी विचारायचं, खुर्च्या लावणाऱ्यानं?

•

कौस्तुभ आमचा टॉपर. विरारच्या एका स्पर्धेत त्याच्यासमोर खाडीकाठचे एक काका आले. काकांनी पहिल्याच चालीत कडेचं प्यादं पुढे सरकवलं. हे पाठांतरात नव्हतं! कौस्तुभनं थेट पंचांना बोलावलं.

"सर, हे चुकीचं खेळतायत!"

काका भडकले. "अरे, प्यादं ढकललंय, कुनाची गाडी नाय ढकलली!"

•

क्लासमध्ये सेजलनं चुकून त्याच कौस्तुभसमोर वजीर फुकट ठेवला. पठ्ठ्यानं मारलाच नाही, शांतपणे घोडा हलवला.

मी ओरडलो, "अरे आंधळ्या, वजीर!"

"दिसला रे. पण आता घोड्याचा नंबर होता."

सरांनी काय करावं? त्याची पाठ थोपटली!

•

आणि निवड स्पर्धेचा शेवटचा डाव, पंचही फडके सरच. जिंकलो की टीममध्ये! घड्याळात माझी थोडीच मिनिटं उरलेली, पण मला अचानक असं काही दिसलं की अंगावर काटा आला. मी वजीर दिला! समोरच्यानं तो मारला. आता हत्ती खाली नेला की मात!

हत्तीकडे हात नेला, तोच सरांनी माझं मनगट धरलं आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"कुठल्या पुस्तकातली चाल?"

"सुचली, सर."

"सुचली? मोबाईल काढ!"

खिसे उलटे केले, कानात बोटं घालून बघितलं, बूटसुद्धा काढायला लावले. खिशात निघालं एक सुकेळं, पानात गुंडाळलेलं वाळवलेलं केळं. सरांनी त्याचंही पान सोडून आत पाहिलं!

परत आलो. हत्ती जागेवर, मात जागेवर. घड्याळ मात्र कोणीच थांबवलं नव्हतं.

माझी वेळ संपली होती. टीममध्ये कौस्तुभ गेला.