दगडूदादा बरोबरी मागत नाहीत

पोपटभाऊंच्या शिलाईच्या दुकानात चिंध्या आणि बुद्धिबळाचे किस्से, दोन्ही रोज साठतात. चिंध्या निदान गोधडीला लागतात! किस्से मात्र मलाच सांगत बसावे लागतात, कारण तिसगावच्या या कट्ट्याची पंच मी. माहेर घोडेगाव, सासर तिसगाव. त्यामुळे या दोन गावांच्या सामन्यात मी दोन्हीकडं चालते आणि बोलणीही दोन्हीकडून खाते.

*

आमचे निम्मे किस्से एकाच नियमाचे. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, पाळीही त्याच खेळाडूची असली, तर बरोबरी मागता येते. पण मागायची आपल्या पाळीला, सोंगटीला हात लावायच्या आधी.

पोपटभाऊंनी एका स्पर्धेत हत्ती दणकन आपटला, घड्याळ दाबलं आणि मग ओरडले, "बाई, तिसरी येळ! बरोबरी!"

"भाऊ, आता पाळी त्यांची. आधी सांगायचं होतं."

समोरच्यानं वेगळी चाल केली आणि डाव मारला. "शर्टाचं माप कापड कापल्यावर घेता का?" असं मी विचारलं, तर दोन महिने माझा ब्लाऊज शिवून मिळाला नाही!

*

त्यांच्या बायकोला, मंदाताईंना, बुद्धिबळातलं एवढंच कळतं. एकदा दोघांचं भांडण रंगात आलं होतं.

"तेच तिसऱ्यांदा बोल्लात. झाली बरोबरी. उठा, दळन आना."

"बरोबरी झाली तर दळन मीच का आनायचं?"

"पाळी तुमची हाय!"

*

डॅनियल सर शाळेत गणित शिकवायचे. त्यांनीही एकदा रुबाबात बरोबरी मागितली.

"सर, मधे एक प्यादं पुढं सरकलंय. स्थिती तीच नाही राहिली."

"अहो, एवढंसं प्यादं!"

त्याच प्याद्याचा पुढं वजीर झाला आणि सरांवर मात झाली.

*

कट्ट्याचा रिवाज असा, की बरोबरी मागेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. दगडूदादांनी तो कधीच पाजला नाही. कंजूषपणा नव्हे हं! कट्ट्याला दूध त्यांच्याच गोठ्यातून येतं, तेही फुकट. पण "मागायचं आपल्याला जमत न्हाई," हे ठरलेलं.

गेल्या वर्षी घोडेगावच्या बापूंशी खेळताना हातातोंडाशी आलेली बरोबरी त्यांनी मागितली नाही. भलतीच चाल केली, हरले, आणि सामन्याची फिरती ढाल घोडेगावला गेली. ती तिसगावात कधी आलीच नव्हती. गाव त्यांच्याशी धड बोलेना. मला फार वाईट वाटलं.

नंतर दादा दुधाची किटली घेऊन घरी आले. "बाई, कुनी मागितलीच न्हाई, तर मग?"

मी नियम सांगितला. मान हलवून गेले.

*

यंदा ढालीसाठी तिसगावला शेवटच्या पटावर बरोबरी पुरे होती. पटावर दादा, समोर तेच बापू. दादांचा डाव हरल्यात जमा होता. वजिरानं शह देत राहणं, एवढाच आधार. शह दिला की बापूंचा राजा कोपऱ्यात, पुन्हा शह दिला की शेजारच्या घरात. तिसरं घरच नव्हतं.

तिसऱ्यांदा तीच स्थिती आली. दादा मागेनात! पंचानं सुचवायचं नसतं. मी ओठ घट्ट मिटून बसले. डॅनियल सरांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

बापूंनी डिवचलं, "मागता का दादा? का गेल्या सालावानी करता?"

"न्हाई मागत." पुन्हा शह.

चौथ्यांदा तेच. पोपटभाऊ उठून बाहेर गेले, त्यांना बघवेना.

पाचव्यांदा तीच स्थिती आली आणि मी घड्याळ थांबवलं. पाचव्यांदा आली, की कुणी मागो न मागो, पंचानंच बरोबरी द्यायची असते.

ढाल वाजतगाजत दुकानात आली. पोपटभाऊंनी दादांना गाठलं, "दादा, आता तरी चहा पाजा!"

"मी कुठं मागितली? बाईंनी दिली," दादा ढाल पुसत म्हणाले. "चहा बाई पाजतील. दूध मी आनलंय!"