भांगाची तारीख

बोरिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात सगुणा चाळीस वर्षं ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत आली. पाणी कमरेवरून गुडघ्यावर कधी येईल, हे तिला घड्याळ न बघता कळे. पण गेले दोन महिने वाड्यात नाव गाजत होतं ते तिच्या धाकट्या जावेचं, दीप्तीचं.

दीप्ती कांदिवलीच्या मालवणी घरातली. आजोबा गिरणीत, वडील रिक्षावर. प्रेमलग्न करून आली तेव्हा तिला बोंबीलसुद्धा साफ करता येत नव्हता. सगुणानंच शिकवलं. आता ती अंधेरीच्या एका लॅबमध्ये पाणी तपासायची आणि तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून सासूसुद्धा हळू आवाजात बोलायची. आपल्याशी सासू कधी हळू बोलल्याचं सगुणाला आठवत नव्हतं.

दिल्लीच्या सरकारनं प्रदूषणाच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला आणि लोकांकडून साठ दिवसांत हरकती मागवल्या. दीप्तीनं तो मोबाइलवर वाचून काढला. प्रत्येक खाडीच्या पाण्याचा नमुना महिन्यातून एकदा घ्यायचा, पण दिवस प्रदूषण खात्याच्या साहेबांनी आपल्या सोयीनं ठरवायचा, असं त्यात लिहिलं होतं. एकदा मासळी धुताना तिनं हे सगुणाला सांगितलं, तेव्हा सगुणा सहज बोलून गेली होती की, उधाणात मोठ्या भरतीचं पाणी खाडी धुवून नेतं, साहेब तेव्हाच येतात आणि खाडी चकाचक आहे म्हणून लिहून जातात. भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी फारसं हलत नाही, वरच्या अंगाच्या कारखान्यांची घाण तिथल्या तिथे कुजत राहते. नमुना घ्यायचा तर भांगात घ्या.

चार दिवसांनी हेच बोलणं दीप्तीनं मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मांडलं. अध्यक्ष तुळशीदास खूश झाले. म्हणाले, पोरीचं डोकं काय चालतं. नारळ देऊन तिचा सत्कार केला. "आमच्या वहिनींकडूनच कळलं," असं दीप्ती म्हणालीही, पण ते टाळ्यांत बुडून गेलं. सगुणाच्या नवऱ्यानंही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तो सगुणालाच भांग म्हणजे काय ते समजावू लागला, तेव्हा तिनं ताटातला भात तसाच ठेवला.

त्याच संध्याकाळी दीप्ती वही घेऊन आली. "वहिनी, भांग नेमका कोणत्या तिथीला असतो? हरकतीच्या पत्रात नक्की लिहायला हवं."

सगुणा कोळंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "पुनवेला नि अवसेला."

दीप्तीनं लिहून घेतलं. सकाळी सांगू खरं काय ते, असं सगुणानं मनाशी ठरवलं. पण सकाळपर्यंत पत्र ईमेलनं गेलंही होतं आणि वाड्याच्या ग्रुपवर दीप्तीचा फोटो आला होता. सगुणा गप्प बसली. फोटोत दीप्ती फार छान दिसत होती.

सुनावणी अंधेरीच्या एका सभागृहात ठेवली होती. वाड्यातली माणसं होड्यांवर होती, म्हणून दीप्तीला सोबत सगुणाला पाठवलं. सोबत म्हणून. सगुणानं लग्नातलं लुगडं नेसलं, पण बाहेरच्या कारकुनानं दीप्तीचंच नाव विचारून घेतलं.

दीप्तीनं हरकत वाचली. समितीतले एक साहेब हसत म्हणाले, "भांग म्हणजे प्यायची, की केसांतला?" लोक हसले. दीप्ती न बावरता बोलली, भांगाची भरती म्हणजे काय ते समजावलं. साहेबांनी पेन उघडलं. ही चांगली सूचना आहे, तिथी सांगा, म्हणाले.

"पौर्णिमा आणि अमावास्या."

कारखानदारांच्या बाजूनं आलेला माणूस लगेच उठला. आमची काहीच हरकत नाही, म्हणाला. पुनवेलाच नमुना घ्या, कायद्यातच घाला.

सगुणाच्या लक्षात आलं, तो माणूस उधाण जाणत होता. एकदा हे कायद्यात बसलं, की दर महिन्याला खाडी स्वच्छच ठरणार, आणि त्या घाणीच्या चिखलानं तिच्या पायांना सुटणारी खाज कुणी कधी मोजणार नाही.

ती उभी राहिली. "साहेब, ते चूक हाय. पुनवेला उधाण असतं. भांग अष्टमी-नवमीच्या पुढं." आणि इथं थांबायचं, ते तिला थांबता आलं नाही. "हिला काय ठावं? ही कोळ्याची नाय."

साहेबांनी दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीनं सगुणाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. ती वही तिच्या हातातच होती. त्यात तिथी कुणी सांगितली, तेही लिहिलेलं असणार.

"बरोबर आहे," दीप्ती म्हणाली. "माझी चूक झाली. वहिनींना पुन्हा एकदा विचारून घ्यायला हवं होतं. दुरुस्ती त्यांच्याच नावानं लिहा."

कारकुनानं सगुणाला नाव विचारलं. सगुणानं सांगितलं, आडनावासकट. त्यानं ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. साहेब म्हणाले, आता नीट कळलं. शेजारची एक बाई दीप्तीकडे झुकून कुजबुजली, "किती मोठं मन आहे गं तुझं."

सगुणा खाली बसली. तिला कागदावर नाव हवं होतं, ते मिळालं होतं. तिनं पुन्हा दीप्तीकडे पाहिलं. खोटं कुणी सांगितलं हे माहीत असूनही जे ती बोलली होती, तेवढं मात्र सगुणाला आयुष्यात कधी जमलं नसतं.